लिहिलं म्हणजे लिहिलं का?

मायएसक्यूएलवर चालणारी वेबसाइट ज्यांनी कधी ना कधी सांभाळली आहे, त्यांना एक वाक्य पाठ असतं. अमुक टेबल क्रॅश झालंय, दुरुस्त करायला हवं. एरर क्रमांक १४५. मग आपण 'रिपेअर टेबल' म्हणतो, एंटर मारतो, पडद्यावर ओके उमटतं आणि आपण चहा प्यायला जातो. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

आजचं पुराण आहे ते न भागलेल्या वेळांबद्दल. म्हणजे जेव्हा ओके आलं, पण ते खरं नव्हतं. कोणीतरी कोणालातरी 'लिहिलं बरं का' असं सांगितलं, ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला, आणि प्रत्यक्षात काहीच लिहिलेलं नव्हतं. वेबसाइटचे डेटाबेस बिघडण्याच्या इतिहासात हा प्रकार इतक्या वेळा येतो की मला तर तोच मुख्य धागा वाटतो.

तर मंडळी, १४ जानेवारी २००५, शुक्रवार, अमेरिकेतलं सिॲटल. (मी तेव्हा दुसरीत होतो आणि डेटाबेस म्हणजे आमच्या बाईंची हजेरीची वही.) लाइव्हजर्नल ही त्या काळातली प्रचंड मोठी साइट, लाखो लोक तिथे रोजनिशा लिहायचे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक नावाच्या पोराने १९९९ मध्ये ती सुरू केली होती. आज आपण सगळे ज्याच्या जिवावर साइट पळवतो ते मेमकॅशडी त्यानेच २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी लिहिलं. नुकतीच, त्याच जानेवारीत, ही साइट सिक्स अपार्ट कंपनीने विकत घेतल्याची घोषणा झाली होती. आणि त्या शुक्रवारी डेटा सेंटरची अख्खी वीज गेली. जनरेटर होता, बॅटऱ्या होत्या, सगळं होतं. पण अशा इमारतींत अग्निशामक दलासाठी एक लाल बटण असतं, ते दाबलं की बॅकअपसकट सगळं बंद होतं, आणि ते कोणीतरी दाबलं होतं.

वीज परत आली. यंत्रं उठली. डेटाबेस मात्र सगळे धड उठले नाहीत. एकेक सर्व्हर तपासत, कोणाची प्रत शाबूत आहे कोणाची नाही हे बघत लाइव्हजर्नलवाले बसले.

महिनाभराने, २१ फेब्रुवारीला, फ्लोरिडातल्या टँपा शहरात तोच प्रयोग. या वेळी विकिपीडिया. डेटा सेंटरमधले सर्किट ब्रेकर पडले आणि सगळ्या सर्व्हरांची वीज एका झटक्यात गेली. इंग्रजी विकिपीडिया तेव्हा पाच लाख लेखांच्या उंबरठ्यावर होता (तो टप्पा त्यांनी मार्चमध्ये ओलांडला), आणि २००३ पासून चालू झालेला आपला इवलासा मराठी विकिपीडियाही त्यांच्याच यंत्रणेवर मुक्कामाला होता. वीज आल्यावर मुख्य डेटाबेस चालू करून पाहिला, तर खराब. त्याची एक प्रत चालू केली, तीही खराब.

इथे विकिपीडियाच्या लोकांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी हात थांबवला. उरलेल्या प्रतींवर दुरुस्ती सुरू करण्याआधी त्यांच्या कच्च्या फायलींची, बिघडलेल्या अवस्थेतच, जशीच्या तशी नक्कल काढायला घेतली. कारण दुरुस्ती ही नुसती तपासणी नसते. ती फायलींमध्ये लिहिते, बदल करते. एकदा चुकीची दुरुस्ती झाली की मूळ बिघाडसुद्धा हातात राहत नाही. साइट बंद, जगभरातून लोक विचारतायत कधी चालू होणार, आणि हे लोक शांतपणे फायली कॉपी करतायत! शेवटी तारून नेलं ते एका मागे पडलेल्या प्रतीने. ही प्रत मुख्य डेटाबेसच्या मागून येत होती आणि वीज जाण्याच्या आधीच्या एका टप्प्यावर थांबलेली होती. तिच्यावर पुढच्या बदलांचे लॉग ओळीने चालवले आणि साइट उभी केली. सगळ्यात ढ विद्यार्थ्याची वहीच परीक्षेला उपयोगी पडली म्हणायची :-)

पण प्रश्न असा आहे की हे व्हायलाच नको होतं. दोन्ही साइट मायएसक्यूएल वापरत होत्या, आणि विकिपीडियाची टेबलं तर त्यातल्या इनोडीबी या इंजिनात होती. इनोडीबीची ख्यातीच ही की वीज गेली तरी चालेल, मी पुन्हा उठेन आणि जिथे होते तिथे येईन. मग काय बिनसलं?

यासाठी जरा मागे जाऊ. थोडं शास्त्र आहे, पण आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना ते न शिकवता कळलं असतं. पेढीवर दोन वह्या. एक कीर्द, एक खतावणी. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत, ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने, एकाखाली एक. मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत. खतावणीचं पान फाटलं, शाई सांडली तरी बोंब होत नाही, कीर्दीवरून पुन्हा मांडता येतं. उलट केलं, म्हणजे आधी खतावणी आणि मग कीर्द, तर मध्येच कोणी उठून गेलं की हिशोब कायमचा लटकला. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे ढीग आहेत ते काही उगीच नाही.

डेटाबेसमध्ये याच नियमाला राइट-अहेड लॉगिंग म्हणतात. खात्यातलं पान बदलण्याआधी लॉगमध्ये नोंद डिस्कवर गेलीच पाहिजे. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रकल्प चालू होता, तिथे जिम ग्रे आणि मंडळींनी ट्रान्झॅक्शन म्हणजे नेमकं काय, ते अर्धवट राहिलं तर काय करायचं, हे नीट बांधून काढलं. ग्रेला १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. (अर्धवट राहिलेल्या गोष्टींचं काय करायचं हे जगाला शिकवणारा हा माणूस जानेवारी २००७ मध्ये आईच्या अस्थी विसर्जित करायला एकटाच होडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोबाहेर समुद्रात गेला आणि परत आलाच नाही. हजारो लोकांनी घरबसल्या उपग्रहाची छायाचित्रं चाळून शोध घेतला. होडीसुद्धा मिळाली नाही.)

त्यानंतरचं मोठं नाव आपल्या इथलं. सी. मोहन. आयआयटी मद्रासमधून केमिकल इंजिनिअरिंग, मग टेक्सासला पीएचडी, मग आयबीएम. १९९२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ॲरीज नावाची पद्धत प्रसिद्ध केली. क्रॅशनंतर डेटाबेस उठतो तेव्हा तीन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत लॉग वाचून परिस्थिती काय होती ते समजून घ्यायचं. दुसऱ्या फेरीत लॉगमधलं सगळं पुन्हा करायचं. सगळं म्हणजे सगळं, अर्धवट राहिलेले व्यवहारसुद्धा! आणि तिसऱ्या फेरीत ते अर्धवट व्यवहार उलटे फिरवायचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा वेडेपणा वाटला होता. जे पुसायचंच आहे ते आधी लिहायचं कशाला? पण विचार केला की पटतं. आधी क्रॅशच्या क्षणाला जसं जग होतं तसंच्या तसं उभं करा, तरच पुढची पुसापुशी नेहमीच्या नियमांनी करता येते. मोहन यांनी याला नाव दिलंय 'इतिहासाची पुनरावृत्ती'. इतिहासाच्या लेखात याहून चांगला शब्द मला कुठून मिळणार होता!

हेल्सिंकीच्या हेक्की टुरी यांनी लिहिलेलं इनोडीबी याच घराण्यातलं, ते २००१ मध्ये मायएसक्यूएलला जोडलं गेलं. त्यात आणखी एक काळजी घेतलेली आहे. इनोडीबीचं एक पान १६ किलोबाइटचं, आणि तेव्हाच्या डिस्क एका वेळी लिहायच्या ५१२ बाइट. म्हणजे वीज गेली त्या क्षणी पानाचा वरचा अर्धा भाग नवा आणि खालचा जुना असं होऊ शकतं. फाटक्या पानावर लॉग चालवता येत नाही. म्हणून इनोडीबी प्रत्येक पान आधी एका वेगळ्या जागी लिहिते, मग खऱ्या जागी. दुप्पट लिखाण, पण एक तरी प्रत अखंड मिळते.

हे सगळं इतकं व्यवस्थित आहे की वाटतं आता काय बिघडणार. पण या अख्ख्या इमारतीचा पाया एकाच गोष्टीवर आहे. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणतो, 'हे डिस्कवर पक्कं कर आणि झालं की सांग.' या हाकेचं नाव एफसिंक. सिस्टिम हेच डिस्कला सांगते. डिस्क म्हणते, 'झालं.' आणि डिस्क खोटं बोलत असते.

खोटं का बोलते, तर वेगासाठी. साधा हिशोब करा. मिनिटाला ७,२०० फेरे मारणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. लॉगच्या शेवटी एक ओळ लिहिली, पक्की झाली, आता पुढची ओळ. तोवर ती जागा डोक्याखालून निघून गेलेली असते, पुन्हा यायला एक फेरा. म्हणजे एकामागून एक पक्क्या नोंदी करायच्या तर सेकंदाला साधारण १२०, फार तर फार. आता डिस्क विकणाऱ्या कंपनीला १२० हा आकडा कसा परवडेल? म्हणून डिस्कमध्येच थोडी मेमरी घालतात. लिहायला दिलेलं त्या मेमरीत आलं की डिस्क 'झालं' म्हणून मोकळी. प्रत्यक्ष तबकडीवर नंतर, सवडीने. वीज आहे तोवर कोणाला पत्ता लागत नाही, आणि वीज गेली की त्या मेमरीतलं सगळं गायब. वर आणखी गंमत अशी की डिस्क आपल्या सोयीच्या क्रमाने लिहिते. म्हणजे नंतरचं आधी तबकडीवर गेलेलं असू शकतं आणि आधीचं हवेत. कीर्द आधी, खतावणी नंतर, हा जो एकमेव नियम, तोच मोडला! त्या काळी चांगल्या सर्व्हरांत बॅटरीवाली रेड कार्डं असत, पण कार्डाच्या मेमरीला बॅटरी आणि त्यामागच्या डिस्कच्या मेमरीला काहीच नाही, असाही प्रकार चाले. पुढच्या दाराला कुलूप, मागचं सताड उघडं.

फिट्झपॅट्रिकने यावर जे केलं ते अस्सल इंजिनिअरचं काम आहे. २००५ मध्येच त्याने एक छोटी पर्ल स्क्रिप्ट लिहिली, नाव डिस्कचेकर. चाचणीच्या यंत्रावर ती लिहीत सुटते, आणि डिस्कने 'झालं' म्हटलं की तेवढीच बातमी नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला कळवते. मग तुम्ही पहिल्या यंत्राची वायर उपटायची. बंद करायचं नाही, उपटायची! पुन्हा चालू केल्यावर दुसऱ्या यंत्राकडची यादी आणि डिस्कवरची वस्तुस्थिती पडताळून बघायची. फरक निघाला तर डिस्क खोटारडी. कंपनीच्या माहितीपत्रकावर विश्वास नाही, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास. आमच्याकडे 'फॉल्ट टॉलरन्स' या विषयावर दोन-दोन तासांचं सादरीकरण होतं, पण वायर उपटा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. असो.

हे झालं इनोडीबीचं. गंमत म्हणजे तेव्हाच्या बहुसंख्य छोट्या साइटना एवढं सुखही नव्हतं. २०१० मध्ये मायएसक्यूएलची ५.५ आवृत्ती आली तोवर न सांगता मिळणारं इंजिन होतं मायआयसॅम. त्यात कीर्दच नाही, नुसती खतावणी. प्रत्येक टेबलाच्या तीन फायली. एकात रचना, एकात माहिती, एकात इंडेक्स. वीज गेली की इंडेक्स आणि माहिती यांचा मेळ तुटतो आणि मग तो सुरुवातीचा १४५ नंबर. रिपेअर टेबल काय करतं, तर माहितीची फाइल पहिल्यापासून वाचतं आणि इंडेक्स नव्याने बांधतं. म्हणूनच ते इतक्या वेळा यशस्वी होतं, कारण इंडेक्स हा मुळात माहितीवरूनच काढलेला असतो. पण माहितीच्या फाइलमध्येच घोळ असेल, तर ज्या ओळी वाचता येत नाहीत त्या गाळल्या जातात. शेवटी ओके. ओळींची संख्या आधी किती होती हे तुम्ही लिहून ठेवलं नसेल, तर काय गेलं ते कधीच कळणार नाही.

इनोडीबीला तर रिपेअर टेबल चालतच नाही. तिथे सक्तीने उठवण्याच्या एक ते सहा पायऱ्या आहेत. एकपासून सुरू करायचं, उठला की ताबडतोब सगळी माहिती डंप करून बाहेर काढायची आणि नव्या डेटाबेसमध्ये भरायची. चारवर किंवा त्याच्या वर गेलात तर फायली कायमच्या खराब होऊ शकतात असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणून विकिपीडियाचा धडा, आधी कच्ची नक्कल. घाबरलेला माणूस थेट सहावर जातो, हे मी कोणाचंही नाव न घेता सांगू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, बॅकअप ठेवा की. तर २००९ कडे जाऊ.

मॅग्नोलिया नावाची सुबक साइट होती. आवडलेल्या दुव्यांची खूण लोक तिथे जपून ठेवायचे. ३० जानेवारी २००९ ला तिचा डेटाबेस बिघडला. जवळपास अर्ध्या टेराबाइटची फाइल. बॅकअप होता का? होता! रोज इमानेइतबारे डेटाबेसची फाइल दुसऱ्या यंत्रावर जात होती. पण ती नुसती फाइलची नक्कल होती. मूळ फाइल सडली तेव्हा सडकी फाइलच तितक्याच इमानदारीने पलीकडे गेली आणि चांगल्या प्रतीवर बसली. संस्थापक लॅरी हाफ यांनी हे सगळं नंतर उघडपणे सांगितलं. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या खुणा गेल्या. काहींना थोड्याफार परत मिळाल्या त्या डेटाबेसमधून नाही, तर इंटरनेटवर इतरत्र पडलेल्या सार्वजनिक नकलांतून, वेचून वेचून.

त्याच्या आदल्याच महिन्यात जर्नलस्पेस ही सहा वर्षं जुनी साइट अशीच संपली होती. तिच्याकडे दोन डिस्क होत्या, एकावर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच. यालाच ते बॅकअप समजत होते. एकीवरचं पुसलं गेलं आणि आरशातलंही अर्थात तेव्हाच पुसलं गेलं. माहिती परत काढणाऱ्या तज्ज्ञांनीही हात टेकले. सहा वर्षं लोकांनी लिहिलेलं सगळं, लग्नं, बारशी, भांडणं, शून्य.

टँपाची मागे पडलेली प्रत इथे आठवा. ती कामाला आली कारण ती मागे पडली होती. ताजी नसणं हाच तिचा गुण होता. मॅग्नोलियाची प्रत एकदम ताजी होती, म्हणून निरुपयोगी.

आणि मोठ्या, हुशार लोकांचं काय? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये रात्री उशिरा एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचीच डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. पाच प्रकारचे बॅकअप कागदावर होते, एकही धड चालत नव्हता. रोजचा डंप तर कित्येक दिवस निघतच नव्हता, कारण पोस्टग्रेस होतं ९.६ आणि डंप काढणारं साधन ९.२ चं. ते दर वेळी अयशस्वी व्हायचं आणि तशी ईमेल पाठवायचं, पण त्या ईमेल सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर परत फिरवायचा. म्हणजे बॅकअप घेणारा ओरडून सांगत होता आणि मधला पोस्टमन पत्रं फाडत होता. वाचले ते त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेल्या एका स्नॅपशॉटमुळे. आणि हे सगळं त्यांनी स्वतः जगाला सांगितलं, दुरुस्तीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपणसुद्धा केलं. याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो.

पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, एफसिंकच्या नाटकाचा नवा अंक निघाला. पोस्टग्रेसच्या लोकांच्या लक्षात आलं की लिनक्समध्ये एफसिंक अपयशी ठरलं आणि तुम्ही पुन्हा हाक मारली, तर दुसऱ्यांदा 'झालं' असं उत्तर येऊ शकतं. कारण पहिल्या अपयशानंतर कर्नल ती पानं 'स्वच्छ' म्हणून खूण करून मोकळा झालेला असतो. माहिती डिस्कवर नाही, आणि आता ती नाही हेही कोणाच्या लक्षात नाही. पोस्टग्रेस कित्येक वर्षं भोळेपणाने पुन्हा हाक मारत होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बदल केला. आता एफसिंक एकदा जरी अपयशी झालं तरी पोस्टग्रेस स्वतःलाच पाडून घेतं आणि लॉगवरून पुन्हा उठतं. तीच कीर्द.

आता आपल्या घरचा बिघाड. यात वीज जात नाही, डिस्क मरत नाही, एरर येत नाही. पण मराठीतलं किती लिखाण यात गेलं असेल याचा हिशोबच नाही.

मायएसक्यूएल मुळात स्वीडनची. त्यामुळे काही न सांगता टेबल बनवलं की त्याची लिपी लॅटिन-१, आणि अक्षरांचा क्रम चक्क स्वीडिश. मायएसक्यूएल ८ येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत हे असंच होतं. २००७ च्या २.२ आवृत्तीपर्यंत वर्डप्रेससुद्धा याबाबत काही सांगत नसे. आपण मात्र लिहिणार देवनागरी, यूटीएफ-८ मध्ये, दर अक्षराला तीन बाइट. मग दोनपैकी एक गोष्ट घडे. वेबसाइट डेटाबेसशी बोलतानाही लॅटिन-१ च बोलत असेल, तर मायएसक्यूएलला वाटे ही तीन वेगवेगळी लॅटिन अक्षरं आहेत, आणि ती तशीच ठेवून देई. परत मागितली की तशीच देई. पानावर मराठी व्यवस्थित दिसे, वर्षानुवर्षं कोणाला शंका नाही. बिंग फुटे ते सर्व्हर बदलताना. नव्या यंत्रावर 'म' च्या जागी टोपी घातलेला परदेशी 'ए', मग चलनाचं कसलंसं चिन्ह, मग आणखी काहीतरी.

हा बिघाड भयानक दिसतो, पण हा बरा होणारा आहे, कारण बाइट शाबूत असतात. फक्त लेबल चुकलंय. औषध असं, की टेबलाच्या त्या रकान्याचा प्रकार आधी ब्लॉब करायचा, म्हणजे मायएसक्यूएल अक्षरांचा विचारच सोडून देतो, आणि मग यूटीएफ-८ चा मजकूर करायचा. थेट लॅटिन-१ वरून यूटीएफ-८ केलंत तर तो प्रामाणिकपणे चुकीच्या अक्षरांचं भाषांतर करेल आणि एकाच्या जागी दोन गाठी होतील.

मजकूर पडद्यावरून कॉपी करून सुधारायचा मोह मात्र टाळा. का ते सांगतो. 'ठ' चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १६०. लॅटिनमध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. कॉपी करताना, किंवा एखाद्या टेक्स्ट एडिटरच्या कृपेने, तिची साधी मोकळी जागा होते, ३२ नंबरची, आणि 'ठ' मेला. म्हणजे 'मराठी' हा शब्दच या प्रवासात टिकत नाही! 'भ' चा शेवटचा बाइट १७३, तो लॅटिनमध्ये अदृश्य जोडरेघ, ती तर दिसतही नाही. आणि विंडोजच्या लॅटिन कोष्टकात पाच घरं रिकामी आहेत, १२९, १४१, १४३, १४४, १५७. मायएसक्यूएल ती घरं भरलेली समजून चालतो म्हणून त्याच्या पोटात माहिती सुरक्षित राहते, पण काटेकोर साधनातून डंप गेला की ते बाइट गळतात. त्या घरांत आपले कोण राहतात? १२९ मध्ये ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू. १४३ मध्ये 'ए', १४४ मध्ये 'ऐ', १५७ मध्ये 'झ'. आणि १४१ मध्ये हलंत, म्हणजे आपलं प्रत्येक जोडाक्षर.

दुसरी शक्यता जास्त वाईट. वेबसाइट यूटीएफ-८ बोलतेय आणि टेबल लॅटिन-१. मायएसक्यूएल बघतो, 'म' नावाचं अक्षर माझ्या कोष्टकात नाही. मग तो त्या जागी प्रश्नचिन्ह लिहितो. एक अक्षर, एक प्रश्नचिन्ह. आणि वर सांगतो, झालं. एक वॉर्निंग तेवढी देई, ती कोण वाचतो? २०१५ च्या ५.७ पासून तो न सांगताही काटेकोर वागू लागला आणि असं लिखाण नाकारू लागला. त्याआधीच्या या प्रश्नचिन्हांवर काही औषध नाही. २२४ नाही, १६४ नाही, नुसते ६३, ६३, ६३.

तेव्हा कोणाकडे २००५-०६ च्या एखाद्या बंद पडलेल्या मराठी साइटचा डंप सीडीवर पडून असेल, आणि उघडल्यावर नुसता टोपीवाल्या 'ए' चा चिखल दिसत असेल, तर सीडी टाकू नका आणि ती फाइल एडिटरमध्ये सेव्हही करू नका. आधी नक्कल काढा. मग बाइट बघा. प्रश्नचिन्हं असतील तर संपलं. २२४ दिसले तर मजकूर अजून तिथे आहे, शनिवार-रविवारचं काम आहे.